हिरव्या बटणाची थैली

३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

कानाचं यंत्र दुरुस्त होऊन येईपर्यंत फोन बंद आणि पत्रं चालू, असा तुझा हुकूम तिकडे परदेशातून दादाने कळवला. खरं सांगू, मला बरंच वाटलं. फोनवर मी विचारते "तब्येत कशी आहे", तू सांगतेस "हो, आत्ताच जेवले", आणि मागून दादा-वहिनी खिदळतात. पत्रात निदान माझं सगळं तुला नीट ऐकावं लागेल.

मोठी बातमी आधी. हॉस्पिटलचं काम मिळालं. नऊशे अ‍ॅप्रन, तीनशे कोट, मे अखेरपर्यंत. कारखाना तुझ्याकडे होता तेव्हा ज्या खरेदी खात्याबाहेर तू नमुन्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसायचीस आणि शेवटी "नंतर या" ऐकून परत यायचीस, तेच हे. आता तिथे नवीन खरेदीवाल्या बाई आल्यात. त्यांनी अ‍ॅप्रन हातात घेतला आणि आधी उलटा करून आतली शिवण पाहिली. मी तेव्हाच ओळखलं, ही बाई आपल्यातली आहे.

कपड्याचं अंग आपल्याकडे शिवायचं, खिसे, पट्टे आणि काजं-बटणं नेहमीसारखी मास्तरांकडे. तुझ्या हाताखाली बारा वर्षं कापड कापलेला माणूस, त्यामुळे मला बघावं लागत नाही. त्यांच्याकडे आता एकोणीस बायका आहेत, सगळ्या परदेशातून कामाला आलेल्या. वरच्याच मजल्यावर राहतात.

आता गंमत ऐक. ऑर्डरसोबत अकरा पानी फॉर्म आला, आधुनिक गुलामगिरी रोखण्यासाठी. आमच्याकडे आणि आम्ही ज्यांच्याकडून माल घेतो त्यांच्याकडे माणसांना कसं वागवतात, ते सगळं लिहून द्यायचं. जेवणाच्या सुट्टीत मी तो मोठ्याने वाचला. इस्त्रीवाली म्हणाली, "ताई, इथे कोणी गुलाम असेल तर ती तुम्हीच. सगळ्यांत शेवटी घरी जाता." हसून हसून पुरेवाट झाली.

चौदावा प्रश्न होता, कामगारांचे पासपोर्ट आणि ओळखीचे कागद मालक स्वतःकडे ठेवतो का. मी ठळक अक्षरांत "होय" लिहिलं. जागा पुरेना म्हणून मागच्या पानावर तुझ्या कपाटाचं वर्णन केलं. लोखंडी कपाट, प्रत्येकाची वेगळी कापडी थैली, थैलीवर ज्याचं त्याचं बटण, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. या प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळणार बघ.

तुझी,
टाचणी


१३ फेब्रुवारी

टाचणीबाईंना त्यांच्या बहिऱ्या मावशीकडून,

हॉस्पिटलचं वाचून आधी हसले, मग रडले, मग सुनेने पाण्याचा पेला आणून दिला. तिला वाटलं ठसका लागला. त्या दाराबाहेरचा बाक अजून आहे का गं? डावीकडचा पाय डुगडुगायचा.

कपाटाचं लिहिलंस ते फार बरं केलंस. पण तुला त्याची खरी हकीकत माहीत नाही. तू तेव्हा कटिंगच्या टेबलाखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायचीस. वरची टाकी फुटली आणि सगळ्यांच्या पिशव्या भिजल्या. एका पोरीच्या कागदांचा अक्षरशः लगदा झाला. बिचारी वर्षभर एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हेलपाटे घालत होती. मग मी उरलेल्या जाड कापडाच्या थैल्या शिवल्या. काहींना वाचता येत नव्हतं, म्हणून नावाऐवजी बटण. बटणांचा डबा पुढे ठेवला आणि म्हटलं, आपापलं निवडा. मास्तरने कोटाचं सगळ्यांत मोठं काळं बटण उचललं. म्हणे, "कटर आहे मी, माझं ठळक दिसायला पाहिजे." किल्ली माझ्या कमरेला.

बावीस वर्षं सांभाळलं मी ते कपाट. एक कागद इकडचा तिकडे झाला नाही, आणि एकानेही कधी "बाई, माझी थैली द्या" म्हटलं नाही. विश्वास म्हणतात तो हा. त्या खरेदीवाल्या बाईंना सांग, पाहिजे तर येऊन बघा.

मी मजेत आहे. दादा माझं सगळं बघतो. औषधं, बँक, कागदपत्रं, मला काडीची काळजी नाही. नुसती बसते आणि सुनेच्या शिवणीला नावं ठेवते.

मावशी


२५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

पैकीच्या पैकी राहिले बाजूला, मला लाल खूण मिळाली आहे.

खरेदीवाल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, तुमच्या चौदाव्या उत्तराबद्दल बोलायचं आहे. मी त्यांना टाकी फुटल्यापासून मास्तरांच्या काळ्या बटणापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "यातल्या कोणाला आपली थैली हवी असेल तर काय करावं लागतं?" म्हटलं, मला सांगायचं. "आणि तुम्ही नसलात तर?" म्हटलं, मी असतेच. "आणि तुम्ही नाही म्हणालात तर?" मी म्हटलं, मी कशाला नाही म्हणेन. त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणणार नाही. पण ज्याचा कागद, त्याने तुमच्या चांगुलपणावर का अवलंबून राहायचं?"

मला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू. ऑफिसात बसून लाल पेन्सिल चालवायची आणि आम्हाला चांगुलपणा शिकवायचा. वर म्हणाल्या, तुमच्या पुरवठादारांकडेही जाऊन या आणि काय दिसतं ते लिहा.

म्हणून काल मास्तरांकडे गेले. आधी फोन केला होता. जागा लख्ख, पंखे चालू, चहा तयार. मास्तर मला रांगेरांगेतून घेऊन फिरले. प्रत्येकीला विचारलं, "काही त्रास नाही ना?" सगळ्या म्हणाल्या, "नाही." मग ऑफिसात त्यांनी कपाट उघडलं, आणि मावशी, तुझ्या थैल्या. तेच जाड कापड, तसंच झाकण, तशीच दुहेरी टीप, आणि प्रत्येकीवर वेगळं बटण. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तर म्हणाले, "बाईंनी लावलेलं वळण आहे, मोडायचं नाही." मी परत येऊन अहवालात लिहिलं, सर्व उत्तम.

हां, जिन्याला एक जाळीचं दार बसवलंय, कुलूपवालं. चोऱ्या फार होतात म्हणे तिकडे.

टाचणी


७ मार्च

टाचणे,

आधी मी त्या खरेदीवाल्या बाईंना दोन पानं लिहिली. मग वाचली आणि फाडली. शिव्या तेवढ्या राहिल्या होत्या.

पण तुझ्या पत्रातलं ते जाळीचं दार माझ्या डोक्यातून जात नाही. एवढंच सांग, कुलूप दाराच्या कुठल्या बाजूला होतं? आतल्या बायकांना चोरांपासून जपायचं असेल तर कुलूप आतून लागतं, त्यांच्या हाताशी.

दुसरं. तू त्या बायकांना विचारलंस तेव्हा मास्तर कुठे होता? तुझ्या खांद्याशी उभा असणार. अगं, मालक शेजारी उभा असताना मलासुद्धा कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, सगळं छान आहे. मी कुणालाही कधी उभ्याने विचारलं नाही. बिघडलेल्या मालाचा ढीग घ्यायचा, शेजारी स्टूल ओढायचं आणि उसवत बसायचं. दोघींचे हात कामात असले, नजर कापडावर असली की माणूस बोलतं. आणि विचारायचं काही नाही. आपलं आपण उसवायचं.

फोन न करता जा. मास्तर मनाचा वाईट नाही, मी त्याला बारा वर्षं पाहिलंय. पण जा.

मावशी


१९ मार्च

मावशी,

कुलूप बाहेरच्या बाजूला आहे. संध्याकाळी सातला रखवालदार लावतो आणि सकाळी सातला काढतो.

मंगळवारी गेले. कोटांचे खिसे अर्धा इंच खाली बसले होते, तेवढं निमित्त पुरलं. मास्तर दोरे आणायला बाजारात गेले होते. मी काजं करणाऱ्या बाईंच्या शेजारी स्टूल ओढलं आणि तुझ्यासारखी उसवत बसले. पन्नाशीच्या आहेत, जाड भिंगाचा चष्मा. काज असं करतात की तू पाहिलंस तर नावं ठेवायला जागा मिळणार नाही. तासभर आम्ही सुयांबद्दल बोललो. आपली भाषा त्यांना मोडकी येते, पण सुयांबद्दल बोलायला पुरते.

मग वर न बघता त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी कपाट पाहिलंत ना? हिरवं बटण दिसलं का? चार भोकांचं."

मला आठवत नव्हतं. तरी मी हो म्हटलं.

"म्हणजे आहे अजून," त्या म्हणाल्या आणि पुढचं काज घेतलं.

चौदा महिने झाले, त्यांनी स्वतःचा पासपोर्ट पाहिलेला नाही. हिरवं बटण निवडलं, कारण मुलीच्या शाळेच्या फ्रॉकला तसं होतं. त्याच मुलीचं पहिलं बाळंतपण एप्रिलअखेरीला आहे. घरी दुसरं कोणी नाही. तीनदा मागितला. मास्तर म्हणतात, सीझन संपू दे. सीझन म्हणजे माझी ऑर्डर गं मावशी. नऊशे अ‍ॅप्रन आणि तीनशे कोट.

मी विचारलं, मास्तर त्रास देतात का. त्या म्हणाल्या, "मास्तर वाईट नाहीत. पगार देतात, आजारी पडलं तर औषध आणतात. फक्त किल्ली देत नाहीत."

मास्तर आल्यावर मी बोलले. मला वाटलं होतं चिडतील. ते चिडले नाहीत, दुखावले. म्हणाले, "ताई, मी नवीन काय केलं? परक्या मुलखातल्या बायका, कागद हरवले तर जाणार कुठे? आणि ऐन सीझनला एक गेली की पाच जातात. बाईंनीच शिकवलं हे. तुरपाईवालीला बाईंनीही थांबवलंच होतं. तेव्हा बाईंना कोणी अकरा पानं पाठवली नव्हती."

मावशी, तू लिहिलं होतंस की एकानेही कधी थैली मागितली नाही. मास्तर खोटं बोलतायत ना? एका ओळीत कळव.

मी घरी न जाता सरळ कारखान्यात आले आणि आपलं कपाट उघडलं. सगळ्यांच्या थैल्या ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. ओव्हरलॉक मशीनवाला पांढरा पडला. म्हणाला, "ताई, आम्हाला काढून टाकताय का?" आठ वर्षं माझ्याकडे आहे, आणि त्याची थैली मी हातात दिली तर त्याच्या मनात हेच आलं. इस्त्रीवालीने आपली थैली घेतली, उघडली, आतला फोटो बराच वेळ बघितला आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. पहिल्यांदाच.

टाचणी


२ एप्रिल

मावशी,

दोन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. दादाला फोन केला तर म्हणाला, "आई ठीक आहे, पण बोलत नाही फारशी. आणि सारखा पासपोर्ट मागते आहे, कशाला ते सांगत नाही."

एका ओळीत नको. हवं तेवढं लिही. पण लिही.

टाचणी


५ एप्रिल

माझी टाचणी,

मास्तर खरं बोलला.

शाळांच्या गणवेशांचा हंगाम होता. तुरपाईवालीचे वडील तिकडे तिच्या देशात आजारी पडले. ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली, "बाई, माझी थैली द्या." मी म्हटलं, एवढा माल जाऊ दे, मग मी स्वतः तुला गाडीत बसवून देते. दोन दिवसांनी परत आली, मी परत तेच म्हटलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा काही बोललीच नाही, नुसती उभी राहिली, आणि मी मान खाली घालून गठ्ठे मोजत राहिले. नऊ दिवसांनी माल गेला. मी कबूल केल्याप्रमाणे तिला गाडीत बसवून दिलं, वाटेत खायला डबा दिला. स्वतःवर काय खूश होते मी. ती पोचली तेव्हा तिच्या वडिलांना जाऊन चार दिवस झाले होते.

परत आली आणि त्याच स्टुलावर बसली. मला एका शब्दाने दोष दिला नाही. पुढे नऊ वर्षं रोज दुपारी चारला माझ्या टेबलावर चहा आणून ठेवायची. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, बघा, किती जीव आहे हिचा माझ्यावर. तो जीव होता की माझ्या कमरेची किल्ली होती, हे मला आजही ठाऊक नाही. विचारायला ती राहिली नाही.

मी तुझ्याशी खोटं बोलले असं म्हणणार नाही. मी ते इतकी वर्षं स्वतःशीच बोलत होते, तुला फक्त त्याची नक्कल पाठवली. आणि एक सांगू? सगळ्यांच्या थैल्या मी शिवल्या, माझी एकटीची नव्हती. माझे कागद माझ्या पर्समध्ये असायचे.

तुझं पत्र वाचून मी ठरवलं, मास्तरला जाऊन भेटायचं. दादाला म्हटलं, माझा पासपोर्ट दे. तो म्हणाला, "कशाला गं आई? ठेवलाय नीट." मी म्हटलं, हवाय. म्हणाला, "सुट्टीत जाऊ सगळेच, एकटी कुठे जातेस या कानांनी." दुसऱ्या दिवशी मागितला, तर म्हणाला, ऑफिसातून आल्यावर बघतो. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. तो कसलेतरी कागद बघत होता. माया आहे त्याची माझ्यावर, त्यात तसूभर शंका नाही. पण मला तिथे उभं राहून माझीच वस्तू मागताना काय वाटलं, ते मी तुला कसं सांगू. सत्तर वर्षांची बाई मी, आणि कोणती साडी नेसून मागितलं तर तो हो म्हणेल, असा विचार करत होते.

आज त्याला तुरपाईवालीची गोष्ट सांगणार आहे. पोटच्या पोरासमोर हे बोलायचं म्हणजे जिवावर आलंय. तुझ्यासमोर तर लिहिलंच आता. रागाव, पण अबोला धरू नकोस.

मावशी


१४ एप्रिल

मावशी,

अबोला धरणार होते. दोन दिवस धरलाही, पण तुला ते कळणारच नाही असं लक्षात आलं तेव्हा सोडला. तू मला शिवण शिकवलीस तेव्हा म्हणायचीस, चुकलेली टीप लपवायला वरून दुसरी मारायची नाही, उसवायची. तू उसवलीस. माझं तुझ्यावर आधी होतं तेवढंच प्रेम आहे, लिहून देते.

इस्त्रीवाली गेली. पलीकडच्या रस्त्यावर मोठी लाँड्री आहे, तिथे जास्त पगार आहे. मला म्हणाली, "ताई, गेल्याच वर्षी जायचं होतं, पण तुमच्याकडे थैली होती, मागायला संकोच वाटायचा." मला आधी तिचाच राग आला. आठ वर्षं आणि गेली. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं.

खरेदीवाल्या बाईंना सगळं खरं सांगितलं, "सर्व उत्तम" लिहिलं होतं तेसुद्धा. म्हटलं, ऑर्डर काढून घ्या हवी तर. आणि मास्तरांचं काम मी आजच बंद करते. तर म्हणाल्या, "आज बंद केलंत तर तुम्ही सुटाल. त्या एकोणीस जणी कागदांशिवाय रस्त्यावर येतील. आधी कागद त्यांच्या हातात आणि कुलूप दारावरून खाली. बाकी मग." पंचवीस तारखेपर्यंत झालं नाही तर कामगार खात्याकडे तक्रार, तीही त्या आणि मी मिळून. मी मास्तरांना तसं लेखी कळवलंय. ते फोन उचलत नाहीत.

काजवाल्या बाईंच्या मुलीचे दिवस भरत आलेत. मावशी, ते माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील.

पासपोर्ट मिळाला का?

टाचणी


१२ मे

प्रिय मावशी,

आलीस काय, चार दिवस राहिलीस काय आणि गेलीस काय. तुझा चष्म्याचा डबा इथेच राहिलाय, पाठवते.

तू गेल्यानंतरचं सांगते. काजवाल्या बाई वेळेत पोचल्या. त्यानंतर चौथ्या दिवशी मुलगी झाली. त्यांच्या शेजाऱ्याने फोनवर फोटो पाठवलाय, बाळ कमी आणि दुपटं जास्त दिसतंय. मास्तरांकडच्या सहा जणी काम सोडून गेल्या, तेरा राहिल्या. ते जाळीचं दार मागच्या अंगणात भिंतीला टेकून उभं आहे आणि बायका त्याच्यावर कपडे वाळत घालतात. मास्तर माझ्याशी बोलत नाहीत. खिसे मात्र आता बरोबर जागी बसतात.

माल उशिरा जाणार. खरेदीवाल्या बाईंनी जूनची दहा तारीख दिली. म्हणाल्या, उशीर झाला तर अ‍ॅप्रनच उशिरा येतील. परवा त्या स्वतः मास्तरांकडे गेल्या आणि विचारायच्या आधीच स्टूल ओढून उसवायला बसल्या. हे मी त्यांना शिकवलं, तुझं नाव सांगून. मीही आता बटणवाल्याकडे आणि कापड रंगवणाऱ्याकडे तसंच करते. चहा नको म्हणते आणि ढीग मागते. रंगाऱ्याला वाटतं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय.

आपल्याकडच्या तिघांनी थैल्या परत आणून दिल्या. घरी सुरक्षित जागा नाही म्हणाले. म्हणून भिंतीला छोटे कप्पे बसवून घेतले, प्रत्येकाच्या कप्प्याची किल्ली त्याच्याचकडे. माझ्याकडे दुसरी किल्ली नाही. तुझ्या लोखंडी कपाटात आता दोरे आहेत.

आता मला एकच सांग. तू मास्तरांच्या ऑफिसात गेलीस आणि दार लावून घेतलंस. मी जिन्यापाशी त्या बायकांबरोबर उभी होते, आतून आवाजसुद्धा आला नाही. आणि मग मास्तर बाहेर आले ते सगळ्या थैल्या कवेत घेऊन, खाली बघत. आत काय बोललीस? चार दिवस विचारलं, दर वेळी नेमकं तुला ऐकू येत नव्हतं.

टाचणी


२३ मे

टाचणे,

चष्म्याचा डबा पाठवू नकोस. तो घ्यायला मीच येईन.

आत मी फार काही बोलले नाही. मास्तर मला बघून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली, अगदी पूर्वीसारखी. मी म्हटलं, मास्तर, तुरपाईवालीची आठवण आहे ना? तो म्हणाला, "बाई, त्या दिवशी मी शेजारीच कापड कापत होतो. तिसऱ्यांदा ती नुसती उभी होती." मी म्हटलं, थैली शिवायला शिकवली ते बरोबर शिकवलं. कुलूप चुकीचं शिकवलं. ती चूक माझी आहे, तुमची नंतर झाली.

त्याने सीझनचं सुरू केलं. मग मी पर्समधून माझा पासपोर्ट काढला आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. म्हटलं, हा ठेवा तुमच्या कपाटात. माझं परतीचं तिकीट परवाचं आहे. मी मागायला येईन तेव्हा म्हणा, सीझन संपू दे.

त्याने हात लावला नाही. मी म्हटलं, ठेवा की, तुमच्यापेक्षा नीट कोण सांभाळणार. तरी नाही. टेबलाच्या कडेला दोन्ही हात धरून तो त्या पासपोर्टकडे बघत बसला. मग म्हणाला, "बाई, उचला तो." मी म्हटलं, तुम्ही त्या एकोणीस उचला, मग मी हा उचलते. एवढंच झालं. पुढचं तू पाहिलंस.

तुझ्याशी बोलत नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. त्याला लाज वाटते. मलाही वाटते. ती काही महिन्या-दोन महिन्यांत जाणारी नाही.

आता माझं ऐक. परत आले तेव्हा दादा घ्यायला आला होता. मला लांबून बघून त्याचा चेहरा असा फुलला की काय सांगू, लहानपणी शाळा सुटल्यावर फुलायचा तसा. बॅग घेतली, खांद्यावर हात टाकला, कान ठीक आहे का विचारलं. आणि चालता चालता, नेहमीच्या सवयीने, दुसरा हात पुढे केला. "दे आई, पासपोर्ट ठेवून देतो."

मी म्हटलं, राहू दे माझ्याकडे.

तो म्हणाला, "अगं, हरवेल तुझ्याकडून."

मी म्हटलं, हरवला तर माझाच हरवेल.

त्याला मी सांगितलेली तुरपाईवाली आठवली असावी, कारण त्याने तो हात मागे घेतला आणि बॅग त्या हातात घेतली. घरी येऊन मी सुनेकडून जाड कापड मागितलं आणि थैली शिवायला बसले. बटणांच्या डब्यात हिरवं काही मिळालं नाही, म्हणून पांढरंच लावलं. काज मात्र तुझ्या त्या बाईंसारखं जमलं नाही. त्या परत आल्या आणि तुझ्याकडे काम मागितलं तर दे. आणि पहिल्या दिवशी मला बोलाव, मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसणार आहे. यंत्र दुरुस्त होऊन आलंय. तरी पत्रंच लिहीत जा.

तुझी,
मावशी